हुरडा, हॉटडिश आणि लाल मिलो

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे तुम्ही ऐकलं असेलच. आणि त्याचं भावंड, "बनी तो बनी, नहीं तो परभणी". मी परभणी जिल्ह्यातला, त्यामुळे कुठल्याही नव्या प्रोजेक्टवर गेलो की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी यातलं एक ऐकवतंच. आता सवय झालीय :-)

पण परभणीची आणखी एक ख्याती आहे, ती फक्त डिसेंबर-जानेवारीत पेपरात छापून येते. थंडी! पुण्या-मुंबईच्या मित्रांना वाटतं मराठवाडा म्हणजे बारा महिने ऊन. पण समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री भराभर थंड होते, आणि त्यात उत्तरेचा वारा सुटला की विचारूच नका. कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेत पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी येतेच. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. (आम्ही तिला गंगाच म्हणतो.) तिथे नदीवरून पहाटे जो वारा येतो त्याला वेधशाळेची गरज नाही, कानच सांगतात.

तर आजची पोस्ट थंडीतल्या खाण्याबद्दल. पण सुरुवात करावी लागेल अमेरिकेतून. जरा दम धरा.

जानेवारी २०१९. मी मिनियापोलिसला ऑनसाइट होतो. त्या महिन्याच्या शेवटी तिथे ध्रुवाकडची थंड हवा खाली सरकली आणि पारा उणे तीस सेल्सिअसच्याही खाली गेला. शाळा बंद, ऑफिस बंद, सगळे घरून काम करतायत. काम कसलं, चॅटवर गप्पा. कुणीतरी विषय काढला, अशा दिवशी तुमचं आवडतं खाणं कोणतं? लगेच यादी सुरू झाली. तिथले लोक 'हॉटडिश'वर जीव टाकतात. म्हणजे खिमा, भाज्या आणि डब्यातलं मशरूम सूप एकत्र करून वर बटाट्याचे छोटे तळलेले तुकडे लावायचे आणि भट्टीत ठेवून द्यायचं. दुसऱ्याने जंगली भाताचं सूप सांगितलं, तिसऱ्याने चीज घातलेला मॅकरोनी. मग मला विचारलं.

मी वरण-भात लिहिणार होतो. पण बोटांनी लिहिलं, हुरडा.

आता हे समजावायचं कसं? ज्वारीचं कोवळं कणीस, गवऱ्यांच्या विस्तवात भाजायचं आणि हातावर चोळून दाणे खायचे. गवऱ्या म्हणजे काय, यावर एक वेगळा अध्याय झाला. शेवटी मी ज्वारीचं इंग्रजी नाव सांगितलं, तेव्हा कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेला एक सहकारी म्हणाला, "म्हणजे मिलो! आमच्याकडे गुरांना घालतात."

तो टोमणा नव्हता, बिचाऱ्याने माहिती दिली होती. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच पिकते, आणि ती जाते जनावरांच्या खाद्यात, इथेनॉलमध्ये आणि निर्यातीला. पण मला ते जरा लागलंच. आणि दोन दिवसांनी दुकानात गेलो तर पक्ष्यांच्या खाद्याच्या पिशव्या रचून ठेवलेल्या. बर्फात पाखरांना दाणे घालायची तिथे पद्धत आहे. स्वस्त पिशवीत सूर्यफुलाच्या बियांबरोबर बरेचसे लाल गोल दाणे होते. पिशवीवर लिहिलेलं होतं, मिलो.

मी फोटो काढला आणि घरी पाठवला. त्या रात्री अण्णांनी फोन आजीकडे दिला. ती म्हणाली, "हे लाल दाणे तिथं पाखरं खायलेत का रे? आम्ही खाल्लेत हे. भाहत्तरला."

इथून पुढे या पोस्टचा खरा विषय सुरू होतो.

आधी थोडं मागे जाऊ. ज्वारी आपल्याला इतकी आपली वाटते, पण ती मुळात आफ्रिकेतली. पूर्व सुदानमधल्या कसाला भागात सापडलेल्या जुन्या खापरांवर ज्वारीच्या कोंड्याचे ठसे आहेत. २०१७ साली संशोधकांनी दाखवून दिलं की ते इसवी सनापूर्वी ३५०० ते ३००० या काळातले आहेत, आणि त्या ज्वारीत माणसाने पेरून वाढवल्याच्या खुणा दिसतात. तिथून ती साधारण चार हजार वर्षांपूर्वी भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत अशी रुजली की तिचं परकेपण पुसूनच गेलं. तीच ज्वारी खूप नंतर आफ्रिकेतून अमेरिकेतही गेली. म्हणजे कॅन्ससची मिलो आणि गंगाखेडची ज्वारी या लांबच्या का होईना, बहिणी आहेत.

आपल्याकडच्या रब्बी ज्वारीची गंमत अशी की ती पावसावर वाढतच नाही. पेरणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस संपत आल्यावर. पुढचे चार महिने ती भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर निघते. जी थंडी आपल्याला शेकोटीजवळ बसवते, तीच तिचा दाणा भरते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावरान मालदांडीतून निवडून काढलेला वाण आजही लोक नाव घेऊन मागतात. पांढरा टपोरा दाणा, गोड भाकरी आणि उंच कडबा.

त्या कडब्याला कमी लेखू नका. ज्वारी म्हणजे एका पिकात दोन पिकं. दाणा माणसाला, कडबा बैलाला. गावात मजुरी ज्वारीत मिळायची, सालगड्याचं साल ज्वारीत ठरायचं, सुतार-लोहारांचं बलुतं खळ्यावरच्या राशीतून मोजून दिलं जायचं. उरलेलं धान्य पेवात, म्हणजे जमिनीखालच्या मोठ्या खड्ड्यात, कडबा आणि माती लावून बंद करायचं. दोन-चार वर्षांनी पाऊस दगा देणार हे गृहीतच होतं, पेव म्हणजे त्याचा बॅकअप. निजामाच्या राज्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतकऱ्यांकडून सक्तीने लेव्हीचं धान्य घेतलं जायचं, तेव्हा त्या बॅकअपवरच घाला पडायचा.

आता या सगळ्यात हुरडा कुठे बसतो ते बघा.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत कधीतरी कणसात दूध भरतं आणि मग दाणा घट्ट व्हायला लागतो. या टप्प्यावर दाण्यात साखर भरपूर असते, तिचा स्टार्च व्हायचा असतो. म्हणून हुरडा गोड. चार दिवस आधी गेलात तर नुसता चीक, आठ दिवस उशिरा गेलात तर ज्वारी. शेतातच आगटी करायची, गवऱ्यांचा विस्तव पडला की कणसं त्यात खुपसायची. पोत्यावर किंवा तळहातावर गरम गरम चोळायची, फुंकर मारून फोलकटं उडवायची. बरोबर लसणाची कोरडी चटणी, गूळ, दही, कुणी बोरं आणतं, कुणी तुरीच्या शेंगा उकडून आणतं. पाठीला थंडी, तोंडाला आच आणि तळहात काळे. बस्स.

मी लहानपणापासून समजत होतो की हुरडा म्हणजे खाण्याचा पदार्थ. त्या रात्री फोनवर आजी म्हणाली, "हुरडा काय पोट भरायला खातेत व्हय? हुरडा खाल्ला म्हंजे वरीस निघालं समजायचं."

विचार करा. पेव तळाला गेलंय, नवी ज्वारी घरात यायला अजून दीड-दोन महिने आहेत, आणि शेतात कणसं भरलीत. तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावता आणि उभ्या पिकातली चार कणसं भाजून देता. ती मेजवानीच्या वेषातली बातमी आहे की यंदा जगलो. कम्फर्ट फूडची याहून चांगली व्याख्या मला तरी सापडलेली नाही.

आणि १९७२ च्या हिवाळ्यात ही बातमी आलीच नाही.

१९७० पासून पाऊस ओढ देत होता, ७२ ला त्याने पाठच फिरवली. जमिनीत ओलच मुरली नाही, तर रब्बी ज्वारी येणार कुठून? जुनी माणसं सांगतात की तेव्हा विहिरींना थोडंफार पाणी होतं, पण धान्य नव्हतं. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यभरात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. हा आकडा मी वाचला तेव्हा परत एकदा शून्यं मोजली होती. यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला राज्याने तिचा कायदा केला, आणि २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याचं मूळही तिच्यातच आहे.

आजी तेव्हा पंचविशीची. अण्णा आठ वर्षांचे. ती खडी फोडायला जायची, अण्णा धाकट्या बहिणीला सांभाळत तिथेच बसायचे. कामावर सुकडी मिळायची, ती लेकरांना. आणि रेशनवर यायची अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. मिलो. आजी सांगते, पीठ मळलं तर जमायचं नाही, भाकरी थापली तर फुटायची, आणि तव्यावर टाकली की विटेच्या रंगाची व्हायची. लेकरं रडायची, घशाखाली उतरत नाही म्हणून.

मी फोनवर म्हटलं, "आजी, ते तिथे गुरांचं खाद्य होतं."

ती म्हणाली, "आम्हाला बी कळतच होतं की रे. पर त्यानंच तुझा बाप जगला."

यावर मी काय बोलणार? खिडकीबाहेर उणे तीस आणि पिशवीतले लाल दाणे टेबलावर. मी ती पिशवी गॅलरीत रिकामी केली. पाखरंही आली नाहीत, इतकी थंडी होती.

आता इतिहासातला एक योगायोग. मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीत स्थापन झालं १८ मे १९७२ ला. म्हणजे मराठवाड्यासाठी शेतीचं विद्यापीठ उभं राहिलं आणि पुढच्याच महिन्यात तो पावसाळा सुरू झाला जो आलाच नाही. (२०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. दुष्काळात तेच मुख्यमंत्री होते.) त्या काळात देशभर एकच ध्यास होता, उत्पादन वाढवा. भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ ला आली होती. दुष्काळानंतर हायब्रीड ज्वारी खरिपात गावोगाव पसरली. आमच्याकडे तिला 'हायब्रेट' म्हणायचे. पीक भरपूर यायचं, पण ती लवकर तयार व्हायची आणि नेमकी परतीच्या पावसात सापडायची. दाण्यावर बुरशी चढायची, भाकरी काळपट. पोट भरलं, चव गेली. पण ७२ बघितलेल्या माणसाला चवीची तक्रार करायचा धीर होत नाही, हेही तितकंच खरं.

पुढचा बदल जास्त शांतपणे झाला. घरात गहू आला. आजीच्या लहानपणी पोळी म्हणजे सण. मग रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला. (त्या कायद्यात भरड धान्य एक रुपया किलो लिहिलेलं होतं, पण आमच्या गावच्या दुकानात दिसला तो गहू आणि तांदूळच.) भाकरी म्हणजे गरिबी, पोळी म्हणजे सुधारणा, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. मी स्वतः शाळेत डब्यात भाकरी असली की कोपऱ्यात बसून खायचो. आज त्याची लाज वाटते, पण खायचो.

आणि शेतात आलं सोयाबीन. नव्वदच्या दशकानंतर मराठवाड्यात ते वणव्यासारखं पसरलं. यात शेतकऱ्याला दोष देणारे लेख मी वाचलेत, मला ते पटत नाहीत. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, मळणी यंत्रातून जातं, बाजारात नेलं की रोख पैसा. रब्बी ज्वारी हाताने उपटावी लागते, कणसं खुडावी लागतात, मजूर मिळत नाही. ज्वारी कमी झाली, कडबा कमी झाला. कडबा नाही म्हणून बैल गेले. बैल गेले म्हणून ट्रॅक्टर आला, आणि मग कडब्यासाठी ज्वारी पेरायचं कारणच उरलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्क्युलर डिपेंडन्सी. आमच्या घरची शेवटची बैलजोडी मी बारावीत असताना विकली, आणि त्यानंतर दोन वर्षांत ज्वारी बंद झाली.

म्हणजे मिनियापोलिसमध्ये मी ज्या हुरड्याची आठवण काढत होतो, तो आमच्या शेतातून जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती.

परत आल्यावर मी पुण्याजवळच्या एका हुरडा पार्टीला गेलो. माणशी तिकीट, वेलकम ड्रिंक, बैलगाडीची फेरी, सेल्फी पॉइंट. हुरडा चांगला होता हो, खोटं कशाला बोलू. पण पोटभर खाऊनही काहीतरी राहिलं. ते काय, हे आजीच्या वाक्यावरून कळलं. तिथे हुरडा खाऊन कुणाचंच वरीस निघणार नव्हतं.

मग मी अण्णांच्या मागे लागलो. अर्धा एकर ज्वारी पेरा, फक्त घरापुरती. ते नुसते हसले. "एकट्यानं ज्वारी येत नसते," म्हणाले. मला वाटलं टाळतायत. पण २०१९ च्या रब्बीत त्यांनी माझ्यासाठी पेरली. ऑक्टोबरच्या अवकाळीने सोयाबीन भिजलं होतं, पण जमिनीला ओल चांगली होती. ज्वारी पुरुषभर उंच झाली. मी जानेवारीत रजा टाकून गेलो, तर कणसांत दाणेच नाहीत. सगळी पाखरांनी साफ केलेली!

तेव्हा अण्णांच्या वाक्याचा अर्थ कळला. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, तेव्हा पाखरं तेवढीच पण वाटून जायची. प्रत्येकाच्या वाट्याचं चार आणे नुकसान, ते गृहीत धरलेलं. शिवाय प्रत्येक शेतात कुणीतरी गोफण घेऊन माळ्यावर उभं. आता चारी बाजूंना हरभरा आणि मध्ये आमची अर्धा एकर ज्वारी. पंचक्रोशीतली पाखरं एकाच ताटावर. ज्वारी सगळ्यांनी मिळून पेरायचं पीक आहे, ती छंद म्हणून करता येत नाही.

पुढची दोन वर्षं कोरोनात गेली. २०२२ ला अण्णांनीच विषय काढला. त्यांनी बांधाला लागून असलेल्या तिघांना गाठलं. एकाकडे दोन म्हशी आहेत, त्याला कडबा हवाच होता. दुसऱ्याला डॉक्टरने भाकरी खायला सांगितली होती. तिसरा म्हणाला, "तुम्ही तिघं पेरायलात तर मी एकटा कशाला मागं राहू?" बियाणं विद्यापीठातून आणलं, परभणी मोती, एकराला चार किलो. परभणीच्या विद्यापीठाने इतक्या वर्षांत ज्वारीवर किती काम केलंय हे मला तेव्हाच कळलं. परभणी ज्योती आहे, खास हुरड्यासाठी परभणी वसंत आहे, आणि २०१८ ला आलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्तीसुद्धा. 'नहीं तो परभणी' म्हणणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

चौघांचे मिळून सहा एकर झाले. पाखरं आली, खाऊन गेली, तरीही उरलं.

जानेवारी २०२३ मध्ये, भोगीच्या आदल्या रविवारी, आम्ही आगटी पेटवली. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी तेच वर्ष भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं. मी हे आजीला सांगितलं, तिने "बरं" म्हटलं.

तिला आता दात नाहीत. म्हणून हुरडा पाट्यावर वाटून, त्यात लसूण-मिरची-कोथिंबीर घालून तिच्यासाठी थालीपीठ लावलं. पाठीवर घोंगडी घेऊन ती आगटीजवळ बसली. मी बाजूला, फोन तयार ठेवून, की आता ही काहीतरी बोलेल. चवीबद्दल, जुन्या दिवसांबद्दल. अर्धं थालीपीठ खाऊन झाल्यावर तिने मान वर केली आणि बांधापलीकडे बघून अण्णांना विचारलं, "त्यांच्या रानात बी कणसं भरली का?"

अण्णा म्हणाले, "भरली."

"मग बरं झालं," म्हणाली आणि उरलेलं अर्धं संपवलं.